आधी खोगिराखाली हात घालून बघा



मागच्या दसऱ्याला आपल्यापैकी कितीतरी जणांनी घरातल्या जुन्या तलवारी, ढाली, पगड्या आणि खोगिरांचे फोटो टाकले होते. देवास, धार, बडोदा, सांडूर, हैदराबाद, सगळीकडून आले. मीही आमच्या दिवाणखान्यातल्या खोगिराचा टाकला. झेंडूची माळ घातलेला, हळदकुंकू लावलेला. भराभर हात जोडले गेले, "काय रुबाब असेल!" असं लोकांनी लिहिलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण त्याच दसऱ्याला आमच्या सावळीच्या पाठीवर, खांद्यामागे दोन्ही बाजूंना, रुपयाएवढे दोन पांढरे ठिपके उमटले होते. त्यांचा फोटो मी टाकला नाही. आज त्यांच्याबद्दल लिहितेय. थोडं लांबेल, पण ज्यांच्या घरी नातवंडं घोड्यावर बसतात त्यांनी शेवटपर्यंत वाचावं.

लहानपणचं ते कोडं आपल्या सगळ्यांना पाठ आहे. भाकरी का करपली, पानं का सडली, घोडा का अडला? उत्तर एकच, फिरवलं नाही म्हणून. मी शाळेत पस्तीस वर्षं शिकवलं, वर्गात हे कोडं शेकडो वेळा घातलं असेल. आता मात्र मला वाटतं की घोड्याच्या बाबतीत ते उत्तर अपुरं आहे. आमची घोडी अडली ती न फिरवल्यामुळे नाही. खोगिराखाली कुणी हात घालून बघितलं नाही म्हणून अडली. आणि ते बघायचं काम माझं होतं.

मी स्वतः घोड्यावर बसणारी नव्हे. माहेर बडोद्याचं, 1983 साली सून म्हणून लष्करात आले. बाहेरगावच्यांसाठी सांगते, लष्कर म्हणजे फौज नव्हे, ग्वाल्हेर शहराचाच भाग. 1810 साली दौलतराव शिंद्यांचा तळ इथे पडला, तो उठलाच नाही, त्याचंच शहर झालं. आमचे आजेसासरे संस्थानच्या घोडदळात होते. पुढे संस्थानांची घोडदळं एकत्र करून 1953 मध्ये 61 कॅव्हलरी उभी राहिली, ग्वाल्हेर लान्सर्सही त्यातच गेले. आमच्या घरातला घोडा त्याच्या आधीच गेला होता. मागे राहिलं ते भिंतीवरचं खोगीर, कानपूरचा शिक्का असलेलं, आणि घोड्यावर बसलेल्या आजेसासऱ्यांची तसबीर.

त्यानंतर सत्तर वर्षांनी घरात घोडा आला तो नातीमुळे. इंदूरच्या सुदीप्ती हाजेलानं आणि तिच्या साथीदारांनी 2023 साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीतलं सुवर्ण भारताला 41 वर्षांनी मिळालं. आपल्या इंदूरची मुलगी म्हणून घरात सगळ्यांनी टीव्हीसमोर टाळ्या वाजवल्या, आणि नातीनं दुसऱ्या दिवशी जाहीर केलं की मी घोड्यावर बसणार. वर्षभर ती क्लबच्या घोड्यावर शिकली. मग मुलानं पुण्याच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेली एक थरोब्रेड घोडी घेतली. रंगानं काळपट तपकिरी, म्हणून नाव सावळी. आली तेव्हा अगदी हडकलेली होती, पाठीचा कणा कौलाच्या आढ्यासारखा वर आलेला.

नातीचा हट्ट होता की पणजोबांचंच खोगीर घालायचं. ते उतरवलं तर कातडं वाळून पापडासारखं झालेलं, शिवण हात लावताच सुटली. आणि कातडं धड असतं तरी ते सावळीला बसलं असतं याची काय खात्री? ते दुसऱ्या घोड्याच्या पाठीसाठी केलेलं. मग महूच्या एका ओळखीच्या घरातून वापरलेलं खोगीर घेतलं. नव्याच्या निम्म्याहून कमी पैशात मिळालं. कातड्याचं नाही, कृत्रिम कापडाचं, धुता येणारं. आणि त्याची कमान बदलता येणारी.

ही कमान काय असते ते थोडं समजावते, मलाही तेव्हाच कळलं. खोगिराच्या आत एक टणक सांगाडा असतो, त्याला ट्री म्हणतात. घोड्याची मान संपून पाठ सुरू होते तिथे हाडांचा एक उंचवटा असतो, त्याला विदर्स म्हणतात. सांगाड्याचा पुढचा भाग या उंचवट्यावरून कमानीसारखा जातो आणि दोन्ही बाजूंना खाली उतरतो. बहुतेक जुन्या खोगिरांत या कमानीची रुंदी एकदा ठरली की ठरली. नव्या पद्धतीत तिथे एक वेगळी लोखंडी पट्टी असते, साधारण उलट्या चिमट्याच्या आकाराची. तिला गलेट म्हणतात. खोगीर उलटं ठेवायचं, पुढच्या गादीचे स्क्रू काढायचे, गादी बाजूला सारायची, पट्टीचे स्क्रू काढून दुसऱ्या रुंदीची पट्टी बसवायची आणि सगळं पुन्हा नीट आवळायचं. साधा स्टार स्क्रूड्रायव्हर पुरतो. विंटेक या ऑस्ट्रेलियन खोगिरांत पट्ट्यांना रंग दिलेले असतात. पिवळी अरुंद, हिरवी तिच्याहून जरा रुंद, काळी मधली, मग निळी, लाल आणि पांढरी अशा चढत्या रुंदीच्या. दुसऱ्या कंपन्यांचे रंग आणि आकार वेगळे असू शकतात, त्यामुळे नुसत्या रंगावर जाऊन एकाची पट्टी दुसऱ्यात बसवायला जाऊ नका.

आमच्या खोगिरात काळी पट्टी होती. विकणारे गृहस्थ म्हणाले, "काकू, हे कुठल्याही घोड्याला बसतं." हे वाक्य लक्षात ठेवा.

सोबत मोजायचं माप आलं होतं. आम्ही सावळीच्या खांद्यामागे ते लावलं, तर हिरवी पट्टी योग्य ठरली. मी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली, खोगीर उलटं ठेवलं आणि माहितीपुस्तिका बघत बघत काळी काढून हिरवी बसवली. साठी उलटलेल्या बाईनं स्क्रूड्रायव्हर घेऊन खोगीर उघडलं याचं घरात मोठं कौतुक झालं. नातीनं माझा फोटोही काढला. काळी पट्टी मी वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवून दिली. आणि काम झालं असं समजले.

त्या दिवशी ते बरोबरच होतं. चूक पुढे झाली. सावळीला भरपूर चारा मिळाला, दाणा मिळाला, रोज बेताचं काम मिळालं. आठ-नऊ महिन्यांत तिचं अंग भरलं. खांदे भरले, कण्याच्या दोन्ही बाजूंनी मांस चढलं. येणारेजाणारे म्हणायचे, "काय छान सुधारली!" आम्ही खूश. पण घोडी सुधारली म्हणजे तिचं माप बदललं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आपण मुलांच्या उंचीच्या रेघा दारावर मारतो, शाळेचे बूट दर जूनमध्ये नवे घेतो. आणि इथे बारशाचं अंगडं मुंजीत घालत होतो.

पावसाळ्यात लक्षणं सुरू झाली. तंग आवळायला गेलं की सावळी कान मागे टाकायची, एकदा तर चावायला वळली. वर बसलं की पाठ खाली दाबून घ्यायची, मान वर काढायची. दुडकी चाल कशीबशी चालायची, चौखूर उधळायची वेळ आली की थांबायची. नात म्हणायची, "आजी, मी सारखी मागे घसरते." शिकवणारे म्हणाले, घोडी डोक्यात गेलीय, जरा कडक लगाम लावू. कुणी म्हणालं, रेसची घोडी, अशीच असते. मुलगा वैतागला. विकायची बोलणीही सुरू झाली. मीसुद्धा म्हटलं, खोडकर जनावर पोरीखाली नको. हे मी म्हटलंय, म्हणून लिहितेय.

त्या सुमारास एक वयस्क चाचा सहज भेटायला आले. जन्मभर तबेल्यात काम केलेले, आपल्या भाषेत मोतद्दार. त्यांनी खोगिराकडे बघितलंही नाही. सावळीच्या मानेवर थोपटलं आणि खांद्यामागून बोटांची टोकं दाबत दाबत मागे नेली. एका जागी आल्यावर तिनं पाठ एकदम खाली टाकली, कातडी थरथरली, मान वळवून दात दाखवले. दुसऱ्या बाजूलाही तेच. चाचा म्हणाले, "बहूजी, घोडी बदमाश नहीं है. इसकी पीठ दुख रही है."

मग त्यांनी खालची नमदी न घालता नुसतं खोगीर ठेवायला लावलं. पुढे थोडं जास्त ठेवून मागे सरकवलं, आपोआप थांबलं तिथे राहू दिलं. मला म्हणाले, हात घाला. पुढच्या कडेखाली, खांद्यामागे, माझी बोटं आत जाईनात. वरच्या बाजूला मात्र विदर्सवर भरपूर जागा, चार बोटं सहज जातील एवढी. बाजूनं बघितलं तर खोगीर पुढून उचललेलं, मागे कललेलं. नात मागे घसरत होती ती म्हणूनच. आठ महिने आम्ही त्या घोडीला चिमट्यात धरलं होतं आणि वर तिलाच खोडकर म्हणत होतो.

डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पाय, नाल, दात सगळं तपासलं, कारण घोडा अडायला कारणं अनेक असतात. दोष पाठीतच निघाला. सुपारीएवढ्या सुजेच्या दोन गाठी. सहा आठवडे खोगीर बंद. तेवढ्या दिवसांत नात रोज तिला नुसती चालवायची आणि गोंजारायची. सूज उतरली, पण हिवाळ्याचे नवे केस आले ते त्या दोन जागी पांढरे आले. दाब पडून कातडीच्या आतला रंग मेला की केस असे पांढरे येतात, आणि बहुधा जन्मभर तसेच राहतात.

खोगीर पुन्हा घालायची वेळ आली तेव्हा आम्ही माप लावलं. कुठली पट्टी निघाली असेल? काळी. खोगिरासोबत आलेली, मी हातानं काढून कपाटात ठेवलेली. औषध घरातच होतं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं.

आता माझं म्हणणं मांडते.

पहिलं म्हणजे, बदलता येणारं खोगीर ही फार चांगली सोय आहे, विशेषतः आपल्यासारख्यांसाठी. आपल्या गावांत खोगीर बसवून देणारा जाणकार सहजी मिळत नाही, आणि प्रत्येक घोड्यामागे नवं खोगीर घेणं परवडत नाही. वापरलेलं घेण्यात कमीपणाही काही नाही. पण "बदलता येतं" म्हणजे "बसतं" नव्हे. "कुठल्याही घोड्याला बसतं" या वाक्याचा खरा अर्थ एवढाच की बसवलं तर बरंच घोड्यांना बसू शकतं. बसवायचं काम कंपनीचं नाही, विकणाऱ्याचं नाही, घोड्याचं तर नाहीच. ते आपलं.

दुसरं म्हणजे, पट्टी बदलली की सगळं झालं असं नाही. पट्टीनं फक्त पुढची रुंदी बदलते. सांगाड्याचा लांबीतला बाक बदलत नाही, कण्यावरून जाणारी मधली खाच बदलत नाही, बैठकीची लांबी बदलत नाही. सपाट पाठीच्या घोड्यावर खोलगट बाकाचं खोगीर ठेवलं तर कुठलाही रंग उपयोगी पडायचा नाही. शिवाय पुढची कमान रुंद केली की पुढचा भाग खाली येतो, मग मागचा भाग उंच वाटायला लागतो. म्हणजे तोल पुन्हा बघावा लागतो, गादीतली भरती पुन्हा बघावी लागते. आम्हालाही काळी पट्टी घातल्यावर हे सगळं पुन्हा करावं लागलं.

वापरलेलं खोगीर घेताना आणि बसवताना आम्ही आता काय बघतो, ते लिहून ठेवते. जाणकारांनी चुकलं तर दुरुस्त करावं.

घेण्याआधी खोगीर उलटं ठेवून दोन्ही गाद्या सारख्या आहेत का बघायचं. हातानं दाबत जायचं, कुठे गाठ, कुठे पोकळ लागते का. पुढचं आणि मागचं टोक धरून हलका पीळ द्यायचा. करकर आवाज आला किंवा नको तिथे लवलं तर सांगाडा मोडका असू शकतो, घेऊ नये. तंगाचे पट्टे आणि त्यांची शिवण जोरानं ओढून बघायची, पोराचा जीव त्यावर असतो. आत कुठली पट्टी आहे ते उघडून डोळ्यांनी बघायचं, तोंडी सांगण्यावर जायचं नाही. स्क्रूंची डोकी झिजलेली नाहीत ना, तेही तेव्हाच कळतं. हवेच्या गाद्या असतील तर तिथे सुई-टोचण नेऊ नये.

बसवताना घोडा सपाट जमिनीवर, चारी पायांवर सरळ उभा हवा. खाली काहीही न घालता खोगीर ठेवायचं. पुढून बघितलं तर कमानीचा उतार आणि खांद्यामागच्या मांसाचा उतार एकमेकांना समांतर दिसले पाहिजेत. तळहात आत सरकवला तर वरपासून खालपर्यंत सारखा दाब लागला पाहिजे. स्वार वर बसल्यावरही विदर्सच्या वर दोन-तीन बोटं मोकळी राहिली पाहिजेत. त्याहून फार जास्त राहिली तर कमान अरुंद असण्याचा संभव, काहीच राहिली नाहीत तर रुंद. रुंद खोगीरही तितकंच वाईट, ते हाडावर येऊन बसतं. बाजूनं बघितलं तर बैठकीचा सगळ्यात खोल भाग मधोमध यायला हवा. मागून वाकून बघितलं तर कण्यावरच्या खाचेतून आरपार उजेड दिसला पाहिजे. गादीखाली पुढून मागे हात फिरवला तर मधे पोकळी लागायला नको, नाहीतर दोन टोकांवरच सगळं वजन येतं. आणि खोगिराचा मागचा टेकणारा भाग शेवटच्या बरगडीच्या पुढेच संपला पाहिजे.

जाड नमदी घालून अरुंद खोगीर सुसह्य होत नाही. घट्ट बुटात दोन जोड मोजे घातल्यासारखं होतं ते. आम्ही तेही केलं होतं.

फेरी झाल्यावर खोगीर उतरवून घामाचे डाग बघायचे. सगळीकडे ओलं आणि खांद्यामागे एखादी जागा कोरडी असेल तर तिथे जादा दाब पडलाय का, हे बघायला हवं. तासाभरानं पुन्हा हात फिरवायचा, कारण सूज कधी कधी उशिरा वर येते.

आणि शेवटचं, जे आम्ही केलं नव्हतं. इंजिनिअरिंगच्या मुलांकडे वाकवता येणारी रबरी पट्टी असते, स्टेशनरीच्या दुकानात मिळते. ती घोड्याच्या खांद्यामागे दोन बोटं सोडून पाठीवर आडवी दाबायची, आकार धरून ठेवते. तो आकार पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं काढायचा, तारीख घालायची. दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा. पावसाळ्याच्या सुट्टीनंतर तर नक्कीच. पुठ्ठे एकावर एक ठेवले की घोडा किती बदलला ते शाळकरी पोरालाही दिसतं.

तिसरं म्हणणं जरा जिव्हारी लागेल, पण आपल्या घरात बोलायचं नाही तर कुठे? आपण खोगिराच्या वरच्या माणसाचा इतिहास लिहितो, खोगिराखालच्या पाठीचा लिहीत नाही. वर बसलेल्यांच्या तसबिरी घरोघर आहेत. पण खोगीर शिवणारे जीनगर, नाल ठोकणारे नालबंद, रात्रीबेरात्री पाय चोळणारे मोतद्दार, यांची नावं किती घरांना माहीत आहेत? आमच्या घराला नाहीत. मी शोधली, एकाही वहीत नाहीत.

आपली भाषाच बघा. खोगीरभरती म्हणजे काय, तर निकामी माणसं कोंबून जागा भरणं. ऑफिसात, समितीत, संमेलनात आपण तो शब्द सर्रास वापरतो. पण खऱ्या खोगिरातली भरती निकामी कधीच नव्हती. चिंध्या असोत की लोकर, ती कुठे किती भरायची, कुठे कमी करायची, यावर घोड्याची पाठ शाबूत राहायची. आजही चांगल्या कातडी खोगिरात लोकर भरतात आणि ती वेळोवेळी सारखी करून घेतात. मी स्वतः हा शब्द टोमणा म्हणून वापरायचा सोडला आहे.

कुणी म्हणेल, "बाई, आपले पूर्वज अटकेपर्यंत गेले, त्यांनी कुठे गलेट मोजली?" मोजली नसेल, पण बघितलं जरूर. सभासदाच्या बखरीत शिवछत्रपतींच्या पागेची रचना दिली आहे. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे पाणी आणि खूर, दोन्हींची सोय हुद्द्यातच बसवलेली. चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदारांना महाराजांनी लिहिलेलं पत्र आपण रयतेच्या भाजीसाठी नेहमी आठवतो. त्याच पत्रात दाणा-वैरण जपून वापरायची ताकीद आहे. आताच उधळपट्टी केली आणि पावसाळ्यात वैरण संपून घोडी मेली, तर ती तुम्हीच मारली असं होईल, या अर्थानं लिहिलंय. जनावराच्या हालाची जबाबदारी कुणाची, याबद्दल त्यात काही शंका ठेवलेली नाही. तेव्हा सगळं आलबेल होतं असंही मी म्हणत नाही. मोहिमांत घोड्यांच्या पाठी सोलल्या असणारच. पण निदान ते बघणारं माणूस नेमलेलं असायचं. आमच्याकडे घोडी होती, खोगीर होतं, तीन पिढ्यांचा अभिमान होता. बघणारं माणूस नेमलेलं नव्हतं.

दुसरा आक्षेप खर्चाचा. एक जादा पट्टी, एक पुठ्ठा, महिन्यातून अर्धा तास. यात खर्च कुठे आला? खर्च झाला तो डॉक्टरांचा, आणि सहा आठवडे वाया गेले त्याचा. सावळी विकली गेली असती तर तिच्या नावापुढे खोडकर हा शिक्का बसला असता. मग ती कुणाच्या हातात, कुठल्या लगामात गेली असती, याचा विचार केला की मला अजून झोप लागत नाही.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे. ज्यांच्या घरी घोडा आहे, ज्यांची मुलं क्लबात बसतात, ज्यांच्या ओळखीत वरातीच्या घोड्या आहेत, त्या सगळ्यांनी घोडं अडलं की चाबूक शोधायच्या आधी खोगिराखाली हात घालून बघा. क्लबवाल्यांना विचारा की हे खोगीर किती घोड्यांवर घालता, आणि पट्टी कोण बदलतं. विचारल्यावर लोक जरा रागावतात. रागावू देत. पोरालाही विचारायला शिकवा, कारण बसणारं पोर आहे.

सावळी आता ठीक आहे. तंग आवळताना अजून एक कान मागे टाकते, पण चावत नाही. नात तिच्यावरून चौखूर जाते तेव्हा माझा जीव अजूनही वरखाली होतो. पुठ्ठे भिंतीवरच्या खोगिराखाली खिळ्याला अडकवले आहेत, तारखांसकट. आतापर्यंत चार झालेत. येत्या दसऱ्याला फुलं वाहताना त्यांनाही हळदकुंकू लावणार आहे. आणि फोटो टाकीन तो सावळीचा, पांढऱ्या ठिपक्यांसकट.

तुमच्याकडे कुणाच्या घरात जीनगर, नालबंद, मोतद्दार यांच्या आठवणी असतील, वहीत एखादी नोंद असेल, तर खाली जरूर लिहा. वरच्यांचं पुष्कळ लिहून झालं आहे.

लष्कर, ग्वाल्हेर